स्कोप फोडायचा कसा? प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

टीम लीड किंवा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून बढती मिळाली की थोड्याच दिवसांत एक स्कोप डॉक्युमेंट, म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय काय करून द्यायचं ते सांगणारा दस्तऐवज, हातात पडतं. त्यात पानंच्या पानं अशी वाक्यं असतात: 'कर्मचाऱ्याला रजेचा अर्ज करता यावा', 'मॅनेजरला तो मंजूर किंवा नामंजूर करता यावा', 'जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये उपलब्ध असावा'. पाठोपाठ विचारणा होते, 'प्लॅन कधी देताय?' मग कुणी एक्सेल उघडतं, कुणी जिरा हे कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, आणि टास्क लिहायला सुरुवात होते. हे काम मी बरीच वर्षं केलं आहे, अनेक टीम जवळून पाहिल्या आहेत, आणि माझं मत पक्कं झालं आहे: प्रोजेक्ट पुढे रखडणार की सुरळीत जाणार, हे बऱ्याच अंशी याच टप्प्यावर ठरतं.

वरचीच रजेची सिस्टिम उदाहरणाला घेऊ.

नवा माणूस ती साधारण अशी फोडतो: डिझाइन, डेटाबेस, बॅकएंड, फ्रंटएंड, टेस्टिंग, डिप्लॉयमेंट. यादी नीटनेटकी दिसते, प्रत्येकाला आपापलं काम कळतं, एस्टिमेटही पटकन मिळतात. अडचण कळते ती काम बरंच पुढे गेल्यावर. स्टेटस रिपोर्टमध्ये डेटाबेस 100 टक्के, बॅकएंड 80 टक्के, फ्रंटएंड 70 टक्के असं लिहिलेलं असतं, आणि क्लायंट म्हणतो, 'एक अर्ज भरून दाखवा.' तो दाखवता येत नाही. स्क्रीन आहे पण ती सर्व्हरला जोडलेली नाही; सर्व्हरचा कोड आहे पण त्यात मॅनेजर कोण हे शोधायची सोय राहिली आहे. मग ते 80 टक्के कुठून आले? डेव्हलपरला मनातून जेवढं वाटलं तेवढे. यात डेव्हलपरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण 'बॅकएंड' नावाचा तुकडा पूर्ण झाला की नाही हे बाहेरून तपासायची सोयच आपण ठेवलेली नसते.

म्हणून तुकडा पाडताना मी एकच प्रश्न आधी विचारायला सांगेन: हे झाल्यावर कुणाच्या हातात द्यायचं, आणि तो माणूस काय बघून 'झालं' म्हणणार? 'रजा मॉड्यूलचं बॅकएंड' कुणाच्या हातात देणार? पण 'कर्मचारी एका दिवसाच्या रजेचा अर्ज करतो आणि तो त्याच्या मॅनेजरच्या यादीत दिसतो' हे एचआरमधली व्यक्ती स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या सर्व्हरवर, पाच मिनिटांत तपासू शकते. एक तर ते चालतं, नाही तर चालत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या तुकड्याला डिलिव्हरेबल म्हणायचं. ते करण्यासाठी जी कामं लागतील, म्हणजे डेटाबेसमधलं टेबल तयार करणं, एपीआय (स्क्रीन आणि सर्व्हर जोडणारा कोड) लिहिणं, स्क्रीन बांधणं, ती त्याच्या पोटात येतात. आधी काय द्यायचं ते ठरवा, मग ते देण्यासाठी काय करायचं ते लिहा. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळंच सैल होतं.

ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर, म्हणजे सगळे ज्याला डब्ल्यूबीएस म्हणतात ते, पूर्ण प्रोजेक्ट झाडाच्या फांद्यांसारखा लहान लहान तुकड्यांत फोडून दाखवणारं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मोठ्या शस्त्रास्त्र प्रकल्पांतून आलं. 1962 मध्ये संरक्षण खातं आणि नासा यांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत ते सविस्तर होतं, आणि 1968 मध्ये मिल-स्टँडर्ड-881 या नावाने त्याचं मानक आलं, जे सुधारित रूपात आजही वापरात आहे. त्या मानकाचा भर पहिल्यापासून उत्पादनावर आहे: सर्वांत वर संपूर्ण क्षेपणास्त्र, त्याखाली त्याचे भाग, त्याखाली त्या भागांचे भाग. विमान आणि क्षेपणास्त्रांत भाग डोळ्यांना दिसतात, म्हणून ही रचना तिथे सहज बसली. सॉफ्टवेअरमध्ये भाग दिसत नाहीत, म्हणून आपण नकळत त्या चौकटीत कामांची नावं भरतो आणि आपल्याकडे डब्ल्यूबीएस आहे असं समजतो.

याच परंपरेतला एक नियम मात्र जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे. तो म्हणजे 100 टक्क्यांचा नियम: एखाद्या फांदीखालचे सगळे तुकडे एकत्र केले की ती फांदी पूर्ण झाली पाहिजे, त्यात काही कमी नको आणि जास्तही नको. ऐकायला हे उघड वाटतं. पण रजेच्या सिस्टिमचा प्लॅन लिहून झाल्यावर स्वतःला विचारा की उद्या हे खरंच सुरू करायचं म्हटलं तर आणखी काय लागेल. जुन्या सिस्टिममधली शिल्लक रजा नव्या सिस्टिममध्ये आणावी लागेल, आणि तो डेटा जवळजवळ नेहमीच अस्वच्छ असतो: सोडून गेलेले कर्मचारी, दोनदा नोंदलेली नावं, उणे शिल्लक. मंजुरीचे ईमेल जायचे तर त्यांचा मजकूर कुणीतरी लिहून एचआरकडून पास करून घ्यावा लागेल. कोणाला काय दिसावं याचे हक्क ठरवावे लागतील. पगाराच्या सिस्टिमला बिनपगारी रजेची माहिती द्यावी लागेल. प्रॉडक्शन सर्व्हर (जिथे सिस्टिम प्रत्यक्ष वापरली जाणार तो), बॅकअप, एचआरचं ट्रेनिंग, जुनी सिस्टिम कधी बंद करायची ती तारीख... यातलं काहीच 'फीचर' नाही, म्हणून फीचरच्या यादीत ते येत नाही. आणि गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होण्याची तारीख, पुढे गेलेले जे प्रोजेक्ट मी पाहिले, त्यांत बहुतेकदा अडलेलं असतं ते याच कामांवर. स्क्रीन कधीच्या तयार असतात. डेटा मायग्रेशनला तर मी कायम स्वतंत्र डिलिव्हरेबल करायला सांगेन, ज्यात चाचणी म्हणून एकदा पूर्ण डेटा आणून, आकडे जुळवून, एचआरची सही घेणं धरलेलं असेल.

नियमाची 'जास्त नको' ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्कोपमध्ये नसलेला रिपोर्ट 'लागेलच की' म्हणून झाडात शिरला तर त्याचा वेळ दुसऱ्या कुठल्यातरी कामातून जातो. 'हे आपण करत नाही आहोत' अशी एक यादी प्लॅनच्या पहिल्याच पानावर ठेवा आणि ती क्लायंटसोबत मोठ्याने वाचा. मोबाइल ॲप नाही, बायोमेट्रिक हजेरीशी जोडणी नाही, मागच्या वर्षांचे अर्ज दिसणार नाहीत, फक्त शिल्लक येईल. या वाचनाच्या वेळी जे वाद होतात ते सहा महिन्यांनी होणाऱ्या वादांपेक्षा फार स्वस्त पडतात.

आता पातळ काप काढण्याबद्दल. या कामातला सगळ्यात कसबाचा भाग हाच आहे, आणि नवख्यांना तो कुणी सहसा बसून शिकवत नाही. 'रजा मंजुरी' हा तुकडा अजून मोठा आहे. तो स्क्रीन, लॉजिक, टेबल असा आडवा कापायचा नाही, तर वापरणाऱ्याला दिसेल असा उभा कापायचा. कापण्याच्या जागा बऱ्याच असतात. नियमांवरून कापता येतं: आधी फक्त पूर्ण दिवसाची रजा, मग अर्ध्या दिवसाची, मग दोन रजांच्या मधे सुट्टी आली तर काय. वाटेवरून कापता येतं: आधी सरळ मंजुरी, मग नामंजुरी, मग मॅनेजर स्वतःच रजेवर असेल तर अर्ज कुणाकडे जाणार. वापरणाऱ्यांवरून कापता येतं: आधी एकच विभाग, मग बाकीचे. यातला प्रत्येक काप लहान असला तरी स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळीकडून जातो आणि दाखवता येतो.

पहिला काप कोणता घ्यायचा, याला माझं उत्तर ठरलेलं आहे: शक्य तितका बारीक, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. एक कर्मचारी, एक प्रकारची रजा, एक मॅनेजर, मंजुरीचं एक बटण, आणि हे सगळं प्रॉडक्शनसारख्याच सर्व्हरवर चढवलेलं. सॉफ्टवेअर पद्धतींवर लिहिणारे ॲलिस्टर कॉकबर्न यांनी अशा बांधणीला वॉकिंग स्केलेटन, म्हणजे चालता सांगाडा, हे नाव दिलं. त्यात वापरण्याजोगं फारसं नसतं, पण लॉगिन कुठे अडतं, सर्व्हरची परवानगी कोण देतं, डिप्लॉयमेंटला किती वेळ लागतो, हे सगळं सुरुवातीलाच कळतं, जेव्हा त्यावर काही करायला वेळ असतो.

काप चांगला पडला की नाही हे तपासायला बिल वेक यांनी 2003 मध्ये मांडलेले निकष कामाला येतात, जे इंग्रजी आद्याक्षरांवरून 'इन्व्हेस्ट' या नावाने ओळखले जातात: तुकडा शक्यतो स्वतंत्र असावा, त्याच्या तपशिलावर बोलणी करता यावी, तो कुणाच्या तरी उपयोगाचा असावा, त्याचा अंदाज बांधता यावा, तो लहान असावा आणि तपासता यावा. सहाही निकष प्रत्येक वेळी साधत नाहीत. मी तडजोड करायची वेळ आली तर स्वतंत्रपणा सोडेन, पण उपयोग आणि तपासणी सोडणार नाही.

आकार किती? जुना ठोकताळा असा की सर्वांत खालचा तुकडा 8 तासांपेक्षा लहान नको आणि 80 तासांपेक्षा मोठा नको. सॉफ्टवेअरसाठी मला 80 तास जास्त वाटतात. एका माणसाचं काम दोन-तीन दिवसांत संपेल आणि डिलिव्हरेबल टीमकडून दोन आठवड्यांच्या आत दाखवता येईल, इतपत ठेवा. त्याहून बारीक केलं तर यादी सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं.

मात्र पहिल्या दिवशी सगळंच इतकं बारीक फोडायला जाऊ नका. सॉफ्टवेअरच्या अंदाजांचा अभ्यास करणारे बॅरी बोहम यांनी 1981 मध्ये दाखवलं होतं की अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या पाव पटीपासून चौपटीपर्यंत कुठेही असू शकतो. एवढ्या धुक्यात सहा महिन्यांनंतरची टास्क तासांत लिहिली तर ती नक्की बदलणार. येत्या महिन्या-दीड महिन्याचं काम बारीक फोडा, त्यापुढचं डिलिव्हरेबलच्या नावापर्यंतच ठेवा आणि जवळ येईल तसं उघडत जा. एखाद्या तुकड्याबद्दल टीममध्ये कुणालाच अंदाज सांगता येत नसेल, उदाहरणार्थ पगाराची सिस्टिम बाहेरून डेटा घेते की नाही हेच माहीत नसेल, तर आकडा ओढूनताणून काढण्यापेक्षा दोन दिवसांचा स्पाइक, म्हणजे फक्त उत्तर शोधण्यासाठी राखलेला वेळ, लावा. त्यातून प्रश्नाचं लेखी उत्तर यायला हवं. कोड आला नाही तरी चालेल.

तुकडे पाडले की त्यांच्यामधले सांधे तयार होतात, आणि सांध्यांना मालक नसतो. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाजवळ गमावलं गेलं, त्याचं कारण असाच एक सांधा होता. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स-सेकंद या एककात निघत होते आणि ते घेणारी बाजू न्यूटन-सेकंद धरून गणित करत होती. इंटरफेसच्या दस्तऐवजात मेट्रिक एककं लिहिलेली होती, तरीही हे झालं, कारण दोन्ही बाजू प्रत्यक्ष डेटा घेऊन एकमेकींशी पुरेशा तपासल्या गेल्या नव्हत्या. आपल्या रजेच्या सिस्टिममध्ये पगाराकडे जाणारी फाइल हा तसा सांधा आहे. अर्धा दिवस तिथे 0.5 असा जातो की 4 तास असा? महिना कोणत्या तारखेला बंद होतो? 'पगाराच्या टीमने नमुना फाइल त्यांच्या चाचणी सिस्टिममध्ये चढवली आणि रकमा जुळल्या' असं स्वतंत्र डिलिव्हरेबल लिहा, आणि त्यावर आपल्या टीममधल्या एका माणसाचं नाव घाला.

हे सगळं एकट्याने टेबलाशी बसून लिहू नका. डेव्हलपर, टेस्टर आणि जमलं तर एचआरची एक व्यक्ती, यांना घेऊन एक दुपार भिंतीसमोर चिठ्ठ्या लावत बसा. टेस्टरला पहिल्यापासून बोलवा. 'हे मी कसं तपासू?' हा त्यांचा साधा प्रश्न अर्धेअधिक कच्चे तुकडे तिथल्या तिथे उघडे पाडतो. अंदाज ज्याचं काम त्यालाच सांगू द्या. शांत बसलेल्या ज्युनिअरला आवर्जून विचारा, कारण जुन्या डेटाबेसमध्ये शेवटचा हात बऱ्याचदा त्यानेच घातलेला असतो.

काम सुरू झाल्यावर मागण्या येणारच. एचआर म्हणेल, 'बदली रजाही यात बसवा ना, छोटंसंच आहे.' लगेच हो किंवा नाही म्हणू नका. झाड उघडा आणि त्यांच्यासमोरच विचारा की हे कोणत्या फांदीखाली येतं: सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची नोंद कुठून येणार, ती कोण मंजूर करणार, किती दिवसांत वापरली नाही तर संपणार, पगाराच्या फाइलमध्ये ती कशी जाणार. चार नवे तुकडे समोर दिसले की मागणाऱ्यालाही कामाचा आकार कळतो. मग त्या चारांचा अंदाज काढून चेंज रिक्वेस्ट, म्हणजे स्कोपमधल्या बदलाची लेखी मागणी, लिहा, आणि त्यांना जागा करण्यासाठी आधीच्या यादीतलं काय पुढच्या रिलीजला जाणार, हे त्यांनाच निवडायला सांगा.