इंग्रजी अर्जात 'व्हिच'च्या आधी काय लावायचं?

'इन', 'फॉर', 'टू'वर इंग्रजी वाक्य संपवणं चूकच, असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. बोलताना ते बिनधास्त चालतं. पण नोटीस, अर्ज, सोसायटीचं पत्र यांत प्रिपोझिशन 'व्हिच'च्या आधीच शोभतं. फोर्टमधल्या वकिलांच्या ऑफिसात अठरा वर्षं मी असे मसुदे करतेय.

आधी दोन वाक्यं लिहा: 'धिस इज द टेरेस. वॉटर लीक्स फ्रॉम द टेरेस.' आता दुसऱ्यातलं 'फ्रॉम' उचलून 'व्हिच'आधी ठेवा: 'द टेरेस फ्रॉम व्हिच वॉटर लीक्स'. माणूस असेल तर 'हूम': 'द ऑफिसर टू हूम वी रोट'. प्रिपोझिशनला चिकटून 'दॅट' किंवा 'हू' लावू नका.

खरी गोची पुढे आहे: प्रिपोझिशन नेमकं कोणतं? आपण मनातल्या मराठीवरून ते ठरवतो आणि तिथेच फसतो. सुरुवातीच्या काळात एका सभासदाच्या पत्रात मी 'ज्याच्या नावावर फ्लॅट आहे' याचं 'ऑन हूज नेम' केलं होतं. सीनियरांनी 'ऑन'भोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी 'इन' लिहिलं. मराठीत नावावर, इंग्रजीत 'इन हूज नेम'. तो गोल मला अजून दिसतो.

'ज्या विषयावर चर्चा झाली' म्हणून 'ऑन व्हिच वी डिस्कस्ड' लिहिणारे तर रोज भेटतात. 'डिस्कस'ला प्रिपोझिशन लागतच नाही. 'द मॅटर व्हिच वी डिस्कस्ड', बस्स. याच्या उलट, 'ज्या उत्तराची वाट पाहतोय' यात 'साठी' कुठेच नाही, म्हणून 'फॉर' गळतं आणि 'द रिप्लाय व्हिच वी आर वेटिंग' असं लंगडं वाक्य उरतं. हवं 'फॉर व्हिच वी आर वेटिंग'.

म्हणून शब्दकोशात क्रियापद उघडा, प्रिपोझिशन नव्हे. 'कम्प्लाय'ला 'विथ', 'ऑब्जेक्ट'ला 'टू', 'अप्लाय' नोकरीसाठी असेल तर 'फॉर'. अशा जोड्यांची वही ठेवा. 'कानाला बरं वाटेल ते लावा' हा सल्ला आपल्या कामाचा नाही. आपला कान मराठीवर तयार झालाय.

मसुदा झाल्यावर 'द फ्लॅट इन व्हिच ही लिव्ह्ज इन'सारखी दुबार प्रिपोझिशनं खोडा. आणि 'लुक आफ्टर', 'पुट अप विथ' या जोड्या तोडू नका. 'द पेशंट आफ्टर हूम शी लुक्स' असं इंग्रजीत कुणी लिहीत नाही. तिथे 'द पेशंट हूम शी लुक्स आफ्टर' असंच ठेवा, अगदी नोटिशीतसुद्धा.