डोंगरातली कॉन्फरन्स: पहिला दिवस मोकळा ठेवा

इव्हेंटच्या कामात नवखा असताना एका कंपनीची कॉन्फरन्स माझ्या गळ्यात पडली. माणसं १२०, हॉटेल २,७०० मीटर उंचीवर. नकाशावरचं अंतर पाहिलं, सपाटीच्या हिशोबाने चार तास धरले आणि दुपारी तीनला उद्घाटन लावून टाकलं.

बस पोहोचल्या सहाला. त्याही हॉटेलपर्यंत नाहीतच. शेवटच्या वळणावर ड्रायव्हर खाली उतरला, वळणाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, ही इथं वळायची नाही." रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला, मी छोट्या कारने गेलो होतो! तिथून हॉटेलच्या एकाच जीपमधून बॅगा नेता नेता रात्रीचे नऊ वाजले. निम्म्यांना घाटात गाडी लागलेली, उरलेल्यांपैकी बरेच डोकं धरून बसलेले. उद्घाटन उरकलं, पण खुर्च्यांवर माणसांपेक्षा जॅकेटंच जास्त.

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. तो बहुधा पोहोचल्यावर काही तासांनी सुरू होतो, म्हणजे नेमका आपल्या 'वेलकम पार्टी'च्या वेळी. तेव्हा पहिल्या संध्याकाळी हलकं जेवण आणि लवकर झोप, एवढंच ठेवा. दारूची पार्टी शेवटच्या रात्री. क्लायंट कुरकुरतो, कुरकुरू द्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही सूचना नोंदणीच्या फॉर्ममध्येच घाला.

रेकी कार्यक्रम असेल त्याच ऋतूत आणि शक्यतो त्याच आकाराच्या गाडीने करा. हॉलमध्ये हीटर, प्रोजेक्टर, साउंड सगळं चालू करून मेन स्विच पाडायला सांगा आणि जनरेटर किती सेकंदांत भार घेतो ते मोजा. मॅनेजर तोंड वाकडं करतो. "आमच्याकडे लाइट जातच नाही" म्हणणाऱ्याकडे तर मी हे हमखास करतो.

मैदानी खेळ सकाळीच उरका. दुपारनंतर डोंगरात ढग भरून येतात आणि सूर्य कड्याआड गेला की गारठा झपकन उतरतो. प्रेझेंटेशन पेनड्राइव्हवर हवंच, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आणि करारात एक ओळ मागून घ्या: दरड कोसळून रस्ता बंद झाला तर तारीख बदलून मिळेल की आगाऊ रक्कम बुडेल? हॉटेलवाले तोंडी "बघू ना" म्हणतात. ते "बघू" कागदावर काय आहे, हे सही करण्याआधी वाचा.