नाताळ गव्हाच्या पेरणीपासून मोजायचा

डिसेंबर लागल्यावर नाताळाची तयारी सुरू करणं गावात राहणाऱ्यांना जमतं. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी ती गहू पेरतानाच सुरू करावी. राहुरीचं कृषी विद्यापीठ बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायला सांगतं. पहिलं पाणी १८ ते २० दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, आणि दुसरं ४० ते ४५ दिवसांनी. आता कॅलेंडर घ्या. पेर १४ नोव्हेंबरला झाली तर चाळिसावा दिवस बरोबर २४ डिसेंबरला येतो. म्हणजे रात्रीच्या उपासनेला सगळे देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आणि घरातला एक माणूस बॅटरी घेऊन शेतात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला. पेर ५ तारखेच्या आसपास उरकली तर हेच पाणी १५ ते २० डिसेंबरात बसतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती शेतकरी घरांचा सण सुखाचा जाणार की ओढाताणीचा, हे पुष्कळदा या हिशेबावर ठरतं. केक फुगला की बसला ते नंतर.

जिथे शेतीची थ्री-फेज वीज अजून काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी येते, तिथे तिसऱ्या आठवड्याची पाळी वायरमनला आधीच विचारून ठेवा. पाटाचं आवर्तन असेल तर तेही. भंडारदऱ्याचं काय किंवा मुळा धरणाचं काय, कालव्याला सुटलेलं पाणी सण बघत नाही. शिवाय गहू, हरभरा, कांदा सगळ्यांना एकदम पाणी लागतं आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळतात त्या याच दिवसांत. त्यामुळे भिजवणं २२ पर्यंत संपेल असं धरून चाला, म्हणजे २३ तारीख अडीअडचणीला हाताशी राहते. उन्हाळ कांद्याची लागवडही अशीच. २० च्या आत होत असेल तर करून टाका, नाहीतर सरळ नवं वर्ष लागू द्या. रोप उपटून अर्धे वाफे लावायचे आणि मग बायांना चार दिवस सुट्टी द्यायची, यात रोप सुकतं आणि बायाही दुसरीकडे जातात.

ऊस असेल तर तोडीची तारीख आपल्या हातात नसते. कारखान्याच्या शेतकी विभागात जाऊन नोंदीप्रमाणे क्रम कुठवर आलाय ते एकदा विचारून यावं. तोड नेमकी २४ ला आलीच तर टोळी परत पाठवू नका, गेलेली टोळी पुन्हा कधी फिरकेल याचा भरवसा नाही. बीडकडून आलेली ही माणसं दिवाळीनंतर घरदार सोडून कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात, त्यांची लेकरं उसाच्या पाचटात खेळतात. म्हणून फराळाचं पीठ भिजवताना पाहुण्यांबरोबर कोप्याही मोजा. आमच्या सासूबाई पहिली ताटं तिकडेच पाठवतात, देवळाच्या पाळकसाहेबांचं (धर्मगुरूंचं) नंतर. पाळकसाहेबांचीही याला कधी हरकत दिसली नाही.

जनावरांचं थंडी वाढायच्या आत बघा. गोठ्याच्या उत्तरेच्या बाजूला गोणपाट किंवा जुनी ताडपत्री बांधा, वासरांखाली कोरडं पाचट घाला आणि ते ओलं झालं की बदला. आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवा. २५ ला पहाटेच्या धारा कोण काढणार? २४ ला रात्री उशिरा झोपलेली पोरं पाचला उठत नाहीत आणि गाय थांबत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवरचे दादा त्या दिवशी आमच्या धारा काढून दूध डेअरीला घालतात, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या धारा आम्ही काढतो. असं शेजारपण असेल तर निरोप पंधरा दिवस आधी द्या, आयत्या वेळी गळ घालू नका.

आता स्वयंपाकघर. आमच्याकडचा नाताळाचा फराळ बहुतेक दिवाळीचाच: शंकरपाळी, शेव, चिवडा, करंज्या, रव्याचे लाडू, वर केक आणि बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई. बेकरीला मैदा, तूप, पिठीसाखर आपण न्यायची आणि भट्टी त्यांची. एक किलो मैद्याला ६०० ग्रॅम तूप आणि तेवढीच पिठीसाखर हे प्रमाण बरं पडतं. तिसऱ्या आठवड्यात बेकरीत डब्यांची रांग लागते, म्हणून १५ च्या आत जाऊन या आणि डब्याला आतून-बाहेरून नाव लावा. शंकरपाळी, शेव आधी करून ठेवायला हरकत नाही. करंज्या सुक्या खोबऱ्याच्या असल्या तरी २० नंतरच करा, कारण पोरं डबा शोधून काढतात. थंडीत तूप थिजतं, तेव्हा मोहन चांगलं कडकडीत करूनच पिठात घाला, नाहीतर करंजी खुसखुशीत होत नाही. पाकातले रव्याचे लाडू भर दुपारी वळा. सकाळच्या गारठ्यात पाक हातातच आळतो आणि मग लाडू फोडायला बत्ता लागतो.

केकसाठी अंडी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून साठवायला लागा, कारण दिवस लहान झाले की गावरान कोंबड्या अंडी कमी देतात. अंडीही लहान असतात, चार सांगितली असतील तिथे पाच घ्या. मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी संत्र्याच्या रसात भिजवून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवली की पुरे. रम घालणारेही आहेत, आमच्या घरात ती चाल नाही आणि केकचं त्यावाचून काही अडलेलं नाही. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात वाळू तापवून, झाकण ठेवून, मंद आचेवर पाऊण तास. मधेमधे झाकण उघडून बघणाऱ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

मटण खाटकाला २० लाच सांगून ठेवा, २५ ला सकाळी सगळेच दारात उभे असतात. एक किलो पाच-सहा जणांना होतं. आलेल्या पाहुण्यांनी आणलेले पाहुणे धरून अंदाज करा. कांदा आणि सुकं खोबरं २४ ला दुपारीच चुलीवर भाजून लसूण, आलं, कोथिंबिरीसह वाटून ठेवलं की सकाळी फक्त फोडणी उरते. बाजरी मात्र २३ च्या आधी दळू नका. तिचं पीठ लवकर कडवट होतं आणि रश्श्याबरोबर ती भाकरी लगेच ओळखू येते. ज्यांना दोन दिवस गोड खाऊन कंटाळा येतो त्यांच्यासाठी २६ ला हुलग्याचे शेंगोळे करा, हुलग्याचं पीठ बाजरीबरोबरच दळून आणावं. हे सगळं यादीत असलं तरी २४ च्या संध्याकाळनंतर चुलीजवळ बाईमाणूस दिसता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. देवळात पेंगणाऱ्या बायका पाहिल्या की मला त्या घरच्या फराळाच्या डब्यांची संख्या कळते.

देवळाची तयारी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. घरीही संध्याकाळच्या प्रार्थनेला हेच करता येतं, फक्त मेणबत्त्या चांगल्या जाड आणा. बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायातला भाग मुलांकडून रोज थोडा थोडा वाचून घेतला तर नाटिकेची तालीम आपोआप होते. नाटिकेतले मेंढपाळ आमच्याकडे खरी घोंगडी पांघरतात, कारण या दिवसांत धनगरांचे वाडे (मेंढ्यांचे तळ) रानात उतरलेले असतात आणि खतासाठी मेंढ्या बसवायला आपणच त्यांना बोलावलेलं असतं. घोंगडी मागायची तर दिवसाउजेडी मागा. रात्री त्यांनाही ती लागते. शहरातून आलेल्या भाच्यांना मेंढपाळ रात्रभर जागे का असतात ते विचारायचं असेल तर तिथेच नेऊन विचारू द्या.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, पुढे या भागातल्या देवळांत अभंग-ओव्यांच्या चालीवरची भजनं आणि टाळ-मृदंग रुजले. तेव्हा पेटीचा भाता आणि मृदंगाची शाई आधी तपासा, डीजेचा विचार नंतर करा किंवा करूच नका. गाण्याची फेरी वस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते, आणि आपली वस्ती शेवटी असेल तर रात्री एक वाजता वीस-पंचवीस माणसं दारात उभी राहतात. त्या संध्याकाळचं दूध डेअरीला घालताना पाच लिटर मागे ठेवा. आलं कुटून ठेवा, कागदी कप आणा, कुत्री बांधा. चांदणी बांबूच्या कामट्यांची, घरी केलेली असेल तर उत्तम. ती उंच बांधा, ट्रॉलीवाल्यांना आंब्याच्या पलीकडून दिसली पाहिजे.

२४ च्या रात्री देवळात चालत जायचं नाही, जवळ असलं तरी. ऊस तुटत गेला की बिबट्याचं लपण जातं आणि तो वस्त्यांच्या आजूबाजूला दिसू लागतो. सगळ्यांनी मिळून गाडीतून जा, लहान मुलं मध्ये बसवा, शेळ्या आत कोंडून कडी दोनदा बघा. म्हाताऱ्या माणसांसाठी एक जादा शाल आणि फ्लास्कमध्ये गरम पाणी घ्या. देवळातली फरशी बर्फासारखी गार असते, सतरंजीखाली अंथरायला जुनी गोधडी न्यायला लाजू नका.

३१ च्या वॉचनाइटला, म्हणजे सरत्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेला, फार काही लागत नाही, नव्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर देवळातच चहा असतो. पाळकसाहेबांना घरच्यांसह हुरड्याला बोलवायचं असेल तर त्यांना तेव्हाच सांगा. मालदांडी ज्वारी सप्टेंबरअखेर पेरली असेल तर कणसं जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हुरड्याला येतात. नक्की दिवस दाणा दाबून बघूनच ठरवा: दुधाळ असेल तर अजून थांबा. हुरडा भाजायच्या आगटीच्या गोवऱ्या मात्र आत्ताच पत्र्याखाली सरकवून ठेवा, पहाटेच्या दवानं भिजल्या तर नुसता धूर होतो आणि शेंगदाण्याच्या चटणीनंही मग हुरड्याचा धुरकट वास झाकत नाही.