फोनोग्राफची पाटी वाचताना या चुका टाळा

फोनोग्राफच्या, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या जुन्या चावीच्या यंत्राच्या, नुसत्या कर्ण्याचा फोटो पाठवून “हा कुठल्या सालचा?” असं विचारणाऱ्यांची हौस खरी असते, पण कर्णा कुणीही कधीही बदलतो. साल शोधायचं तर आधी यंत्रावरची पाटी गाठा; मॉडेल, क्रमांक आणि पेटंटच्या तारखा तिच्यावर असतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे पेटंटची तारीख निर्मितीचं साल समजणं. पाटीवर तारखांची रांग असते आणि उतावळा माणूस त्यातली सर्वांत जुनी उचलतो. बघायची असते ती शेवटची. तीसुद्धा एवढंच सांगते की यंत्र त्याआधीचं नाही; तोच मजकूर पुढे वर्षानुवर्षं छापला जाई.

नेहमीचं प्रकरण घ्या. एडिसन कंपनीचं ‘स्टँडर्ड’ मॉडेल, पाटीवर शेवटची तारीख १९०३ ची, पण आत चार मिनिटांच्या सिलिंडरचे (ज्यावर गाणं कोरलेलं असतं ती नळी) गिअर. हे अँबेरोल सिलिंडर आले १९०८ मध्ये. लगेच निकाल लागतो: पाटी बनावट! दुसरा म्हणतो, यंत्रच १९०८ चं. दोघांनाही घाई नडते. या गिअरचे, जुन्या यंत्रांवर बसवायचे संच एडिसन कंपनी स्वतः विकत असे. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचात १०० रेषा, चार मिनिटांच्या सिलिंडरवर २००; म्हणून रिप्रोड्यूसर (सिलिंडरवर टेकून आवाज काढणारा भाग) निम्म्या वेगानं सरकवणारे गिअर लागत. रिप्रोड्यूसरवरही भिस्त ठेवू नका. सी मॉडेलचा रिप्रोड्यूसर दोन मिनिटांचा, एच चारचा, के दोन्हींचा, पण तो काढून दुसरा बसवणं हा क्षणाचा खेळ. निवाडा अनुक्रमांकावर करा, आणि तोही त्याच मॉडेलच्या यादीत शोधून. स्टँडर्डचा क्रमांक एडिसनच्याच ‘होम’ मॉडेलच्या यादीत शोधला तर साल चुकणारच, कारण दोन्हींच्या मालिका वेगळ्या.

पाटीला पितळेचं पॉलिश लावू नका. अक्षरांमागचा काळा रंग त्यातच निघून जातो आणि उथळ आकडे झिजतात. कोरडा मऊ ब्रश फिरवा, खोली अंधारी करा, टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. ३ आणि ८ मधला फरक तिरप्या उजेडातच कळतो. तरी शंका राहिली तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच घासा. पाच मिनिटांचं काम, पण लोकांना चकाकी हवी असते.

कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याची चकचकीत पाटी हा कसलाच पुरावा नाही. नकली यंत्रांवर ती हमखास असते. मॉडेल आणि क्रमांक कुठेच नसेल तर सावध व्हा. पाटी फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेली असेल तर ती १९०५ मध्ये लावलेली नाही. फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातले. शेजारी बुजवलेली भोकं किंवा लाकडावर वेगळ्या आकाराचा फिका ठसा दिसतो का, तेही बघा.

व्हिक्टर या अमेरिकन कंपनीच्या पाटीवरचे रोमन आकडे मॉडेलचे, सालाचे नव्हेत. क्रमांकानंतरचं अक्षर गाळू नका, ते यंत्ररचनेतला बदल दाखवतं. आणि दुकानदाराच्या पाटीवर विकणाऱ्याचं नाव असतं, बनवणाऱ्याचं नाही.