प्रोग्राम कोणत्या सामायिक लायब्ररींवर अवलंबून आहे, हे कसे तपासावे

पंचवटीतील घरच्या उबुंटू २२.०४ (लिनक्सवर आधारित प्रणाली) वर तयार केलेला नोंदवहीचा छोटा प्रोग्राम मी अंबडच्या एका कारखान्यातील संगणकावर नेला, तेव्हा आयकॉनवर कितीही क्लिक केले तरी खिडकी उघडेना. प्रोग्रामला लागणारी सामायिक लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल, तिथे नसली तर असे होऊ शकते. अशा वेळी प्रोग्राम टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून चालवावा, कारण काय चुकले ते सांगणारा संदेश तिथेच दिसतो. पुढील आज्ञांचे उच्चार दिले आहेत. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत लिहाव्यात.

प्रथम ‘फाइल’ ही आज्ञा प्रोग्रामच्या नावासह द्यावी. उत्तरात ‘स्टॅटिकली लिंक्ड’ आले, तर लायब्ररी प्रोग्राममध्येच सामावलेल्या असतात आणि शोधण्यासारखे काही उरत नाही. ‘डायनॅमिकली लिंक्ड’ आले, म्हणजे लायब्ररी बाहेरून घेतल्या जात असतील, तर ‘रीडएल्फ -डी’ चालवून ‘नीडेड’ असे लिहिलेल्या ओळी पाहाव्यात. प्रोग्रामने स्वतः मागितलेल्या लायब्ररी एवढ्याच असतात.

त्यानंतर ‘एलडीडी’ वापरावी. तिची यादी बरीच लांब असते, कारण लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररीही तीत येतात आणि प्रत्येकीसमोर ती या संगणकावर कुठे सापडली, तो मार्ग दिलेला असतो. मात्र काही परिस्थितींत एलडीडीमुळे तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालू शकतो. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलसाठी रीडएल्फवरच थांबावे.

‘नॉट फाउंड’ हे शब्द दोन प्रकारे येतात आणि घोटाळा नेमका इथेच होतो. लायब्ररीच्या नावापुढे बाण आणि मग हे शब्द असतील, तर ती फाइल लोडरला, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्या भागाला, सापडत नाही. ‘एप्ट-फाइल सर्च’ने तिचे पॅकेज शोधून ते बसवावे. पण ‘व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ असे असेल, तर जीलिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी आहे, फक्त जुनी आहे. माझे तेच झाले होते: कारखान्यात उबुंटू २०.०४ होते, त्यात जीलिबसी २.३१ असते आणि २२.०४ मध्ये २.३५. ही मूळ लायब्ररी बाहेरून आणून बदलण्याचा मोह टाळावा, कारण जवळजवळ सगळी प्रणाली तिच्यावर उभी असते. प्रोग्राम २०.०४ वरच पुन्हा कंपाइल करणे, म्हणजे मूळ कोडपासून नव्याने तयार करणे, हाच सरळ उपाय.

यादी निर्दोष असूनही खिडकी उघडत नसेल, तर प्लगइन, म्हणजे प्रोग्रामला जोडले जाणारे जादा भाग, तपासावेत. ते प्रोग्राम सुरू झाल्यावर उचलले जातात, त्यामुळे वरच्या कोणत्याही यादीत येत नाहीत. टर्मिनलमधील ‘एलडी_डीबग’ या चलाची किंमत ‘लिब्स’ ठेवून प्रोग्राम चालवला, की लोडर कोणती फाइल कुठे शोधतो आहे, ते ओळीओळीने दिसते. एलडी_डीबग हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत लिहावे लागते.