कीमोआधी घरातल्या ज्येष्ठांची तब्येत कशी तपासावी

कॅन्सरवरची कीमो झेपेल की नाही, हे आधारकार्डावरची जन्मतारीख ठरवत नाही. ७८ व्या वर्षी पर्वती चढणारे आजोबा पुण्यात आहेत आणि ६५ व्या वर्षी भिंत धरून बाथरूमला जाणारेही. डॉक्टरांना हा फरक कळायला हवा, आणि तोही पहिला डोस ठरण्याआधी. ओपीडीत वेळ कमी असतो, म्हणून पुढची माहिती घरीच एका कागदावर लिहून न्या.

सुरुवात चालण्यापासून करा. हात असलेली खुर्ची ठेवा. तिच्यापासून १० फुटांवर खूण करा. फरशी २ फुटी असेल तर पाच फरश्या मोजा. खुर्चीतून उठायचं, खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजची काठी वापरायची, रोजच्याच वेगाने चालायचं. एकदा सराव झाला की मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. कोणीतरी शेजारी उभं राहा, पण हात देऊ नका. उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो का, तेही लिहा. गेल्या ६ महिन्यांत किती वेळा पडणं झालं? ‘पडले नाही, घसरून बसले’ हेही पडणंच.

बीपी झोपून आणि उभं राहून, असं दोन्ही प्रकारे तपासा. ५ मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. जेवण कमी झालेलं असतं, बीपीची गोळी मात्र जुन्याच डोसने चालू असते. मग रात्री उठताना चक्कर येते.

रोजच्या कामांबद्दल विचारू नका, पाहा. ‘आई सगळं स्वतः करते’ असं सांगणाऱ्या मुलाला बरेचदा गोळ्यांची डबी सून भरते हे माहीत नसतं. आंघोळ, कपडे, संडास, जेवण. मग फोन, पैसे, औषधं, एकटीने रिक्षाने जाणं. औषधांचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण काही कीमोच्या गोळ्या १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबवायच्या असतात. तिथे विसर पडला तर डोस चुकतो.

म्हणून स्मरणशक्तीही बघा. केळं, सूर्योदय, खुर्ची हे तीन शब्द सांगून म्हणवून घ्या. मग त्यांनाच कागदावर घड्याळ काढायला लावून ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगा आणि नंतर शब्द विचारा. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला १ गुण, बरोबर घड्याळाला २. तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी हवी. कानाचं मशीन आणि चष्मा लावूनच हे करा. शाळा न शिकलेल्या आजींना घड्याळ जमलं नाही म्हणून विसराळू ठरवू नका.

वजन नेहमी एकाच काट्यावर घ्या. ६० किलोंचे महिन्यात ५७ झाले म्हणजे ५ टक्के घट. काटा नसेल तर बांगडी कोपराकडे सरकते का, कवळी ढिली झाली का, ते बघा.

आता औषधं. सगळी एका पिशवीत भरून न्या: झोपेची गोळी, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली पेनकिलर, काढे, चूर्णंसुद्धा. पेनकिलर मूत्रपिंडावर ताण देते. रिपोर्टवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ०.९ म्हणजे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. पण ७८ वर्षांच्या, ४५ किलोंच्या बाईंचा हिशेब वय-वजन धरून मांडला तर मूत्रपिंडाचं काम मिनिटाला सुमारे ३७ मिलिलिटरच, म्हणजे कमी निघतं. काही औषधांचा डोस त्यावरच ठरतो.

मन उदास आहे का, आवडत्या गोष्टी सुटल्या का, हेही दोन ओळींत लिहा.

घराचाही विचार करा. पेठेतल्या जुन्या वाड्यात दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, तर कीमोच्या डे-केअरहून थकून आल्यावर जिना कसा चढणार? रात्री २ वाजता ताप १००.४ वर गेला तर थर्मामीटर वाचणारं आणि दवाखान्यात नेणारं कोण? मुलं परदेशात असतील तर शेजाऱ्याचा फोन नंबर लिहून ठेवा.

शेवटचा प्रश्न डॉक्टरांनी रुग्णालाच विचारायचा, नातेवाईक बाहेर थांबवून: जास्त दिवस हवेत, की आहेत तितके दिवस स्वतःच्या पायावर? ‘त्यांना कॅन्सर सांगू नका’ म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न विचारताच येत नाही, आणि मग उत्तर भलताच कोणी देतो.