गावच्या घरून काम करायचंय? आधी राऊटरचं बघा

गणपतीला चार दिवस रजा आणि पुढचे आठ-दहा दिवस गावावरूनच काम, असा बेत बऱ्याच चाकरमान्यांचा असतो, माझा पण असतो. पण जो तो विचारतो नेट किती एमबीपीएसचं आहे. अरे ते सोडा, लाईट गेल्यावर काय करणार ते आधी बघा!

घरात इन्व्हर्टर असला तरी राऊटरचा प्लग त्यावर असेलच असं नाही. माझा नव्हता, वर पंखा मस्त फिरतोय आणि मी मीटिंगमधून गायब. राऊटरसाठी छोटा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राऊटर चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो तो घ्या, पण त्याआधी राऊटरचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून बघा, बारीक अक्षरात आऊटपुट लिहिलेलं असतं, बऱ्याचदा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. मोडेम (बाहेरून आलेली फायबरची वायर लागते तो) आणि राऊटर अशी दोन वेगळी डबडी असतील तर बॅकअप दोन्हींना लागतो, एकालाच देऊन उपयोग नाही.

मोडेमवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर बंद-चालू करत बसू नका, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, पावसात बहुतेक वायरवर झाड नाहीतर माडाची झावळी पडलेली असते, सरळ केबलवाल्याला फोन लावा.

चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय नीट जात नाही, माजघरात बसणार असाल तर २.४ वर जोडा, किंवा लांब लॅन केबल टाका, माझं मत केबललाच. आणि स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा, डाऊनलोड कितीही असू दे, अपलोड मार खात असेल तर समोरच्याला तुमचा आवाज तुटकच येणार. त्याच वेळी पुतणीचा ऑनलाईन क्लास असेल तर सरळ तुमचा कॅमेरा बंद करा.

जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या, फोन रेंज येते त्या पडवीच्या खिडकीत आणि हॉटस्पॉट चालू. फक्त सणात अख्खा गाव त्याच टॉवरवर असतो, तेव्हा फार भरवसा नको.

राहिली घरातली माणसं. आईला सांगून ठेवलंय, कानात हेडफोन दिसला की मीटिंग, बोलायचं नाही. आता ती बोलत नाही, कॅमेऱ्यासमोर येऊन बोटांनी खूण करून विचारते, मोदक किती वाफवू.